विजेवाचून हिवाळा

गेल्या पौषातली गोष्ट. चार दिवसांची सुटी मिळाली म्हणून मी नाशिक जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो होतो. त्या दिवसांत आमच्याकडे थंडी कडक असते. पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात, इतका पारा उतरतो. मी पोचलो त्याच संध्याकाळी गावची डीपी जळाली. दुसरी यावयास तीन दिवस लागणार असे कळले. पहिली रात्र गप्पागोष्टींत मौजेने गेली. दुसऱ्या दिवशी मात्र एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. मोटर बंद म्हणून टाकीत पाणी नाही. आडावरचा रहाट काढून टाकल्याला दहा वर्षे झालेली. गिरणी बंद. मोबाइल मुके. आईने माळ्यावरून कंदील शोधून काढला, पण त्याची काच फुटलेली, वात कुजलेली. आणि वात असती तरी रॉकेल कोठून आणणार? ते गावात कोणाकडेच नव्हते.

खरा प्रसंग आला तो रात्री. गारठा वाढला तसे माझ्या चुलतभावाने घमेल्यात निखारे फुलवले, मुले निजली होती त्या खोलीत ते घमेले नेऊन ठेवले आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दारखिडक्या गच्च लावून घेतल्या. तेवढ्यात शेजारच्या नानी दूध द्यायला आल्या. वय पंचाऐंशीच्या घरात, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. त्यांनी दार ढकलले आणि त्या ओरडल्याच, "अरे, पोरांना मारतोस का काय? आधी ते घमेलं बाहेर काढ! आमच्या येळेला शेगडी घरात यायची ती दार किलकिलं ठेवून, आन् निजायच्या आधी बाहेर जायची." भाऊ माझा पदवीधर आहे. ओरडा खाऊन तो खजील झाला. पण मला वाटते, चूक त्याच्या एकट्याची नव्हती. निखारे घरात होते, ते वापरण्याची रीत मात्र घरातून निघून गेली होती, आणि ती कधी गेली हे आम्हां कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

मी इतिहास शिकवतो. त्या रात्री मला एका फार दूरच्या देशाची आठवण झाली. जे आमच्या एका घरात तीन रात्री घडले, ते तेथे लक्षावधी घरांत एकाच वेळी आणि कित्येकांच्या बाबतीत महिनाभर घडले होते. तो देश कॅनडा, प्रांत क्वेबेक, आणि साल १९९८. ती हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे. हिवाळ्यात वीज गेली असता घरात सुखाने कसे राहावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर तीत आहे, आणि ते उत्तर तेथील लोकांना बरीच किंमत देऊन मिळाले आहे.

क्वेबेक हा कॅनडाच्या पूर्वेकडील प्रांत. क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राच्या पाचपट. पण १९९८ साली तेथील वस्ती सत्तर लाखांच्या थोडी वर, म्हणजे त्या वेळच्या मुंबईहूनही कमी. भाषा फ्रेंच. सेंट लॉरेन्स नावाची अफाट नदी या प्रांतातून वाहते, आणि तिच्यातील एका बेटावर मॉन्ट्रियल हे मोठे शहर वसले आहे. जानेवारीत तेथे शून्याखाली दहा अंश ही नेहमीची थंडी. वीस-पंचवीस अंशांपर्यंत खाली जाणे हेही नवलाचे नाही. अशा मुलखात घर उबदार ठेवणे हा चैनीचा प्रश्न नसतो. घर थंड झाले की नळातले पाणी गोठते, नळ फुटतात, आणि म्हाताऱ्या माणसाचा जीव जातो.

मग वीज येण्यापूर्वी तेथील शेतकरी कसा राहत होता? त्याच्या घराचा जीव असे स्वयंपाकघरात. तेथे ओतीव लोखंडाची मोठी शेगडी असे. खाली सरपण, वर स्वयंपाक, आणि धूर बाहेर नेण्यासाठी लोखंडी नळकांडे. अशा शेगड्या क्वेबेकमध्येच ओतल्या जात. सेंट मॉरिस नदीकाठी १७३० साली स्थापन झालेला लोखंडाचा कारखाना हा कॅनडातील पहिला, आणि तो १८८३ पर्यंत चालला. हिवाळा सुरू झाला की कुटुंबाचा सारा व्यवहार या शेगडीभोवती गोळा होई. उन्हाळ्यात स्वयंपाकासाठी घराला लागून एक वेगळी खोली असे, ती थंडीत बंद करून टाकीत. घराच्या जोत्याला बाहेरून माती, पेंढा, पुढे बर्फ यांचा थर देत. खिडक्यांना दुहेरी तावदाने चढवीत. पांघरायला लोकरीच्या कांबळ्यांबरोबर 'कातालोन्य' नावाची एक जाड चादर असे. जुन्या कपड्यांच्या चिंध्या काढून त्या मागावर विणायच्या, अशी तिची रीत. आपल्या वाकळेची ती दूरची बहीणच म्हणा ना.

या साऱ्या व्यवस्थेत कष्ट फार होते. लाकूड एक वर्ष आधी तोडून, फोडून, वाळवून रचावे लागे. पहाटे उठून विझत आलेला विस्तव कोणाला तरी जागता करावा लागे, आणि ते काम बहुधा बाईच्या वाट्याला येई. धुराडे साफ न केल्यास आतली काजळी पेट घेई आणि घरच जळे. तेव्हा ते दिवस सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट खरी. घरातील दहा वर्षांच्या पोरालाही ओले लाकूड कोणते, धुराड्याची झडप किती उघडायची आणि रात्री किती विस्तव ठेवायचा, हे ठाऊक असे. ते कोणी पुस्तकातून शिकवीत नव्हते. पाहून पाहूनच ते अंगवळणी पडे.

मग वीज आली, आणि मोठ्या दिमाखाने आली. १९४४ साली तेथील सरकारने मॉन्ट्रियलची खासगी वीजकंपनी ताब्यात घेऊन 'हायड्रो-क्वेबेक' ही सरकारी संस्था स्थापन केली. १९४५ साली ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला, आणि खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनी वीज आणण्यासाठी सहकारी संस्था काढल्या. आपल्याकडील सहकाराची आठवण व्हावी असेच ते दिवस. पुढे १९६२ साली प्रांताची निवडणूक झाली, ती मुळी विजेच्या प्रश्नावरच. पंतप्रधान ज्याँ लसाज आणि त्यांचे मंत्री रने लेवेक यांनी उरलेल्या खासगी वीजकंपन्या विकत घेण्याचे ठरवले आणि 'आपल्या घरात आपणच धनी' अशा अर्थाची घोषणा दिली. फ्रेंच बोलणाऱ्या लोकांच्या हाती तोवर व्यापार-उद्योगाची सूत्रे फारशी नव्हती, म्हणून ही घोषणा त्यांच्या काळजाला भिडली. ते निवडणूक जिंकले, आणि १९६३ साली त्या कंपन्या जनतेच्या मालकीच्या झाल्या.

त्यानंतरची प्रगती थक्क करणारी आहे. उत्तरेकडच्या निर्मनुष्य रानात नद्यांवर धरणे उभी राहिली. तेथून शेकडो मैल दूरच्या शहरांपर्यंत वीज आणावयाची, म्हणून १९६५ साली ७३५ किलोव्होल्ट दाबाची वाहिनी सुरू झाली. एवढ्या दाबाची वाहिनी जगात तोवर कोठेच नव्हती. १९७१ साली जेम्स उपसागराकडील आणखी मोठ्या योजनेची घोषणा झाली. तेथून मॉन्ट्रियल सुमारे हजार किलोमीटर. १९७३ साली जगात खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा तेलाच्या भट्ट्यांवर घरे तापवणारे लोक भराभर विजेकडे वळले. वीज आपलीच, आणि ती स्वस्तही. नव्या घरांत भिंतीच्या बुडाशी विजेचे हीटर बसले. बटण दाबले की ऊब. ना धूर, ना राख, ना पहाटे उठणे. कित्येक नव्या घरांना तर धुराडेच ठेवले नाही. कशाला ठेवायचे? बहुसंख्य घरे अशी एका तारेवर उबदार झाली. त्यांना दोष देऊ नका. आपणही तेच केले असते. किंबहुना आपण तेच करीत आहोत.

आता १९९८ च्या जानेवारीकडे येऊ.

मेक्सिकोच्या आखाताकडून उबदार, ओली हवा उत्तरेस सरकत आली. सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यात मात्र जड, थंड हवा तळाशी साचून राहिलेली होती. उबदार हवा तिच्यावर चढली. वरून पडणारे हिम मधल्या उबदार थरात वितळून पाणी झाले, आणि ते पाण्याचे थेंब खालच्या थंड थरातून येताना शून्याखाली गार झाले, पण गोठले नाहीत. गोठायला त्यांना काहीतरी टेकण हवे होते. झाडाची फांदी, घराचे छप्पर, विजेची तार, जेथे म्हणून थेंब पडला तेथे त्याचा तत्क्षणी बर्फ झाला. यास गोठणारा पाऊस म्हणतात. तेथील लोकांना तो नवा नाही. दर हिवाळ्यात काही तास तो पडतो आणि थांबतो. मॉन्ट्रियलला १९६१ साली अशाच एका वादळाने तीस-चाळीस मिलिमीटर बर्फाचा लेप चढवला होता. पण या वेळी, सोमवार ५ जानेवारीपासून शनिवार १० जानेवारीपर्यंत, तो लहरी लहरींनी पडतच राहिला. एकूण तास भरले ऐंशीहून अधिक. मॉन्ट्रियलच्या परिसरात सुमारे शंभर मिलिमीटर पाणी अशा रीतीने उतरले.

बोटाएवढी तार मनगटापेक्षा जाड झाली. जेवढा बर्फ पेलण्यासाठी मनोरे बांधले होते त्याहून कितीतरी अधिक भार त्यांच्यावर आला. एक मनोरा वाकला की त्याच्या तारांच्या ओढीने शेजारचा वाके, त्याच्या ओढीने पुढचा. पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे पोलादी मनोरे ओळीने जमिनीवर आले. असे सुमारे हजार मनोरे पडले, आणि वीस हजारांहून अधिक लाकडी खांब. शुक्रवार ९ जानेवारी हा सर्वांत वाईट दिवस ठरला. त्या दिवशी क्वेबेकमधील सुमारे १४ लाख जोडण्या बंद होत्या. म्हणजे तीस लाखांहून अधिक माणसे, प्रांताची जवळजवळ निम्मी वस्ती अंधारात होती. मॉन्ट्रियल शहराचे पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांची वीजही गेली, आणि एवढ्या मोठ्या शहराचे नळ कोरडे पडण्याची वेळ अगदी थोडक्यात टळली. शहराच्या दक्षिणेस सँ-त्यासँत, ग्रँबी आणि सँ-ज्याँ-सुर-रिशलिये या तीन गावांमधील शेतीच्या मुलखात तर वीज आठवडेच्या आठवडे आली नाही. त्या टापूला लोकांनी नाव दिले 'काळा त्रिकोण'. तेथील शेवटच्या घरात दिवा लागला तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात.

पाऊस थांबला आणि कडाक्याची थंडी पडली. आता प्रत्येक घरापुढे एकच प्रश्न होता. राहायचे कसे?

ज्यांच्या घरात जुनी लाकडाची शेगडी शिल्लक होती, त्यांची घरे एका रात्रीत गावाची आश्रयस्थाने झाली. एरवी रस्त्यात नुसती मान हलवून जाणारे शेजारी एकाच छपराखाली निजू लागले. आणि मग आज्यांच्या काळची रीत आपोआप परत आली. सगळे घर तापवण्याचा नाद सोडायचा. एक खोली निवडायची, शक्यतो दक्षिणेकडे खिडकी असलेली, शेगडीजवळची. बाकीची दारे लावून घ्यायची, दाराच्या फटीत फडकी कोंबायची, खिडकीवर कांबळे टांगायचे. दिवसा ऊन आले तर ते बाजूला करायचे. सगळ्यांनी जवळजवळ निजायचे. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालायचे, म्हणजे मधली हवा ऊब धरून ठेवते. डोके झाकायचे. मधून मधून गरम पेय घ्यायचे. नळातील पाणी काढून टाकायचे, म्हणजे ते गोठून नळ फुटत नाही. दूध, मांस बाहेरच्या थंडीत ठेवायचे. तेवढा एक फायदा थंडीने दिला होता. यात काय आहे मोठे, असे आपण म्हणाल. मोठे काही नाही. पण हे ज्याला माहीत होते तो सुखात राहिला, आणि ज्याला माहीत नव्हते त्याने सबंध घर तापवण्याच्या नादात दोन दिवसांत सरपण संपवले.

ज्यांच्याकडे शेगडी नव्हती त्यांच्यासाठी शाळा, सभागृहे, चर्चची दालने उघडली. सुमारे एक लाख लोक अशा निवाऱ्यांत राहिले. त्याहून कितीतरी अधिक आप्तेष्टांकडे गेले. सुमारे सोळा हजार सैनिक मदतीस आले. ते पडलेल्या फांद्या तोडीत, खांब ओढून नेत, आणि पोलिसांबरोबर घरोघर हिंडून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना निवाऱ्यात चलण्याची विनवणी करीत. म्हातारी माणसे घर सोडावयास तयार नसत. हे तर कोठेही सारखेच. दुसऱ्या भागांतून सरपणाचे ट्रक भरभरून आले. बूशरव्हिल नावाच्या गावी एक नवल घडले. रेल्वेचे डिझेल इंजिन रुळांवरून उचलून रस्त्यावर उतरवले, ते गावच्या कचेरीपर्यंत चालवीत नेले आणि त्याच्या विजेवर तेथील कारभार चालवला.

शेतकऱ्यांचे हाल वेगळेच होते. गोठ्यात पन्नास-साठ गाई, यंत्राने धार काढण्याची सवय लागलेल्या. धार वेळेवर निघाली नाही तर कास सुजते, जनावर आजारी पडते. हे आपणांस मी सांगावयास नको. इतक्या गाईंची धार हाताने काढणार कोण? तेव्हा एक जनरेटर चार-पाच गोठ्यांनी वाटून घेतला. तो ट्रॅक्टरमागून या गोठ्यातून त्या गोठ्यात फिरे. कोणाची धार मध्यरात्री, कोणाची दुपारी. नंबर लावलेले होते आणि लोक ते पाळीत होते. दूध निघाले तरी घेणार कोण? डेअऱ्या बंद. लक्षावधी लिटर दूध मातीत ओतावे लागले. मेपल नावाच्या झाडाच्या रसाचा पाक करणे हा तेथील शेतकऱ्यांचा जोडधंदा. बर्फाने ती झाडेच मोडली. झाड मोडले म्हणजे एका वर्षाचे पीक गेले असे नव्हे. नवे झाड रस देण्याजोगे व्हावयास तीस-चाळीस वर्षे लागतात.

या साऱ्या अंधारात घराघराला बांधून ठेवणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे सेलवर चालणारा रेडिओ. दूरचित्रवाणी बंद, वर्तमानपत्र येणार कोठून? रोज ठरलेल्या वेळी प्रांताचे पंतप्रधान लुसियाँ बुशार आणि वीजसंस्थेचे प्रमुख आंद्रे काये लोकांपुढे येत आणि आज किती तारा जोडल्या, उद्या कोठे वीज येईल, कोठे येणार नाही, हे सांगत. काये यांचा उंच गळ्याचा स्वेटर त्या काळात प्रांतभर प्रसिद्ध झाला. खरी बातमी, ती वाईट असली तरी, माणसाला धीर देते. आपल्याला अजून आठवडाभर वीज मिळणार नाही, हे ज्याला कळले तो लाकूड जपून वापरतो. ज्याला काहीच कळत नाही तो घाबरतो.

आता दुःखाचा भाग. या वादळात कॅनडात पंचवीसहून अधिक माणसे मरण पावली. काही थंडीने गारठून गेली. पण काहींचा जीव ऊब मिळवण्याच्या धडपडीतच गेला. कोणी घराला जोडलेल्या बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात जनरेटर चालवला. कोणी अंगणात मांस भाजण्याची कोळशाची शेगडी घरात आणली. मेणबत्त्यांनी आणि वर्षानुवर्षे साफ न केलेल्या धुराड्यांनी आगी लागल्या. कोळसा, लाकूड किंवा तेल अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे थांबावेसे वाटते. १९६३ ते १९९८ म्हणजे केवळ पस्तीस वर्षे. ज्या घरांत दोनशे वर्षे विस्तव सांभाळला गेला, तेथील लोक पस्तीस वर्षांत विस्तव सांभाळायला विसरले. शेगडी बाजारात मिळते, लाकूड दुसऱ्या गावाहून येते, जनरेटर भाड्याने आणता येतो. पण खिडकी किती उघडी ठेवायची, विस्तव केव्हा बाहेर न्यायचा, ही समज ऐन संकटात ट्रकने आणता येत नाही. ती आधीपासून घरात असावी लागते.

क्वेबेकने नंतर पुष्कळ सुधारणा केल्या. चौकशी आयोग नेमला गेला. मनोऱ्यांच्या रांगेत ठरावीक अंतरावर अधिक मजबूत मनोरे उभारले, म्हणजे एक पडला तरी सारी रांग पडू नये. तारांवरील बर्फ वितळवण्याची यंत्रणा बसवली. आणि प्रत्येक घराने निदान ७२ तास बाहेरच्या मदतीवाचून राहता येईल एवढी तयारी ठेवावी, असा उपदेश सरकार करू लागले. तरीही ५ एप्रिल २०२३ रोजी पुन्हा तसाच पाऊस पडला, दहा लाखांहून अधिक जोडण्या तुटल्या, आणि पुन्हा गॅरेजमध्ये जनरेटर चालवून माणूस दगावला. मनोरे पंचवीस वर्षांत मजबूत करता आले. घरातील रीत मात्र दर पिढीला नव्याने शिकवावी लागते.

आता आपण आपल्या घरी परत येऊ. महाराष्ट्रालाही अशी एक हिवाळ्यातली पहाट आठवते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, वीजकेंद्र बंद पडले, आणि मुंबई-पुण्याकडचे कारखाने विजेअभावी थांबले. घर पडलेल्यांचे दुःख आभाळाएवढे होते. पण त्या वेळी महाराष्ट्रातील बहुतेक खेड्यांत वीज पोचलीच नव्हती. वीज गेल्याची झळ त्यांना लागली नाही. चूल पेटली, पोहरा आडात गेला, कंदील लागला. आज तसे नाही. आज वीज घराघरांत आली आहे, आणि ती यायलाच हवी होती. पाणी तिच्यावर, दळण तिच्यावर, निरोप तिच्यावर. कॅनडातील लोक जेथे १९९८ साली होते, तेथे आपण आज येऊन पोचलो आहोत.

तेव्हा मी काय सुचवतो? वीज सोडा असे मुळीच नाही. माझ्या आईने चुलीपुढे डोळे चोळलेले मी पाहिले आहेत. ते दिवस परत यावेत असे मला वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच, की विजेच्या जोडीला प्रत्येक घरात एक दुसरी वाट असावी, आणि ती वापरण्याची रीत घरातील लहानांनाही ठाऊक असावी. सेलची बॅटरी किंवा सौर दिवा, सेलवरचा रेडिओ, दोन दिवसांचे पिण्याचे पाणी, दोन दिवसांचे दळलेले पीठ, नेहमीची औषधे, आणि महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहिलेले. चार घरांत मिळून एक चूल आणि कोरडे सरपण. थंडीत सर्वांनी एका खोलीत निजावे. शेगडी वा निखारे घरात आणलेच तर दार किंवा खिडकी उघडी ठेवावी, आणि निजण्यापूर्वी विस्तव बाहेर न्यावा. या नियमाला अपवाद नाही. दुकानात वा घरात बंद जागी जनरेटर चालवू नये. तो घरच्या वायरिंगला परस्पर जोडू तर नयेच. त्याची वीज उलटी तारेत जाते, आणि खांबावर चढून आपल्याचसाठी काम करणारा वायरमन जिवानिशी जातो. आणि वस्तीवर एकटे राहणारे म्हातारे माणूस असेल तर काळोख पडण्यापूर्वी त्याच्याकडे एक फेरी मारावी.

गुरुजनांना माझी एक विशेष विनंती आहे. आपण वर्गात संयुक्त संस्थानांचा वा कॅनडाचा भूगोल शिकवता, ज्वलनाचा पाठ शिकवता. त्याच्या जोडीला मुलांना एक काम द्या. घरी जाऊन आजीला, आजोबांना विचारून या: वीज नव्हती तेव्हा थंडीत तुम्ही कसे निजत होता? शेगडी कोठे ठेवीत होता? पाणी कसे काढीत होता? मुले जी उत्तरे आणतील ती फळ्यावर लिहा, आणि त्यातले शास्त्र त्यांना समजावून सांगा. नानी म्हणाल्या ते का खरे, हे विज्ञानाचा शिक्षक पाच मिनिटांत पटवून देऊ शकतो. ही माहिती सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. त्यांना विचारायला फार वर्षे हाताशी नाहीत.

आमच्या गावची वीज चौथ्या दिवशी आली. मुले आनंदाने ओरडली, टाकी भरली, मोबाइल बोलू लागले. पण निघण्यापूर्वी आईने मला दोन कामे सांगितली: तालुक्याहून कंदिलाची काच आणायची आणि आडावर रहाट बसवण्याचे बघायचे. काच त्याच आठवड्यात आणून दिली. रॉकेल मिळेना, म्हणून पुढे सौर कंदीलही आणला. काच मात्र आईने टाकू दिली नाही. रहाटाचे काम अजून राहिले आहे. येत्या दिवाळीच्या सुटीत ते करीन, असे आपल्यासमोर कबूल करून आपली रजा घेतो.